रविवारचं वाक्य

बाबा गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली, तेव्हा एके सकाळी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "त्यांना ठाऊक होतं का गं?"

"काय?"

"की ती भांडणं माझी नव्हती."

कोणती भांडणं, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात एकाच प्रकारचं भांडण व्हायचं आणि त्याचा वारही ठरलेला होता. काही घरांत रविवार डोक्यावरून न्हायचा असतो, तसा आमच्याकडे तो भांडणाचा होता.

बाबा पंपाच्या कारखान्यात होते आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात बॅक म्हणून खेळायचे. समोरच्या संघाचा जो फॉरवर्ड सगळ्यांत चांगला असेल त्याला गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. प्रेक्षकांनी त्यांना 'अडसर' नाव ठेवलं होतं. वसाहतीतल्या बायका मला 'अडसराची मुलगी' म्हणायच्या. मला ते कितीतरी वर्षं आमचं आडनावच वाटत होतं.

सामन्याच्या सकाळी बाबा तयार होऊन खुर्चीवर बसलेले असत, पायाशी पिशवी. आई आतून सुरुवात करी. टॉवेल ओलाच पलंगावर टाकला. नळ गळतोय तो गळतोयच. तुमच्या बहिणीला पत्र लिहायला हात दुखतो का. असं एकेक पायरी चढत ती बाहेर यायची आणि त्यांच्यासमोर उभी राहून शेवटी ते वाक्य बोलायची. त्याचा अर्थ कळायच्या आधीपासून ते मला पाठ होतं.

"आई मरत होती तेव्हासुद्धा तुमच्या तोंडून 'मला घरी जायचंय' एवढं निघालं नाही."

बाबांची मान आधी लाल व्हायची, मग कान. ते उठायचे, पिशवी उचलायचे आणि काही न बोलता जिना उतरून जायचे. आई मोरीकडे तोंड करून भांडी घासत बसायची. भांडी आधीच घासलेली असायची.

संध्याकाळी बाबा लंगडत परत यायचे. पाणी तापलेलं असायचं, त्यात मीठही घातलेलं असायचं. आई पाटावर बसून त्यांचे मोजे स्वतःच्या हाताने काढायची.

"दुखतंय?"

"नाही गं."

"खोटं बोलू नका. घोटा बघा, वांग्यासारखा झालाय."

"मग विचारतेस कशाला?"

आणि दोघंही हसायची. सकाळची ती आणि संध्याकाळची ती, यांची सांगड मला लहानपणी घालता आली नाही. मोठेपणी मी घालायचं सोडून दिलं.

"तुझी नव्हती म्हणजे?" मी विचारलं.

"मास्तरांनी सांगितलं होतं भांडायला," आई म्हणाली.

मास्तर म्हणजे संघाचे प्रशिक्षक. त्यांना सगळा कारखाना मास्तर म्हणायचा.

मग तिने ओट्याला टेकून सगळं सांगितलं. बाबांना खेळाची समज फार चांगली होती. चेंडू कुठे जाणार हे त्यांना इतरांच्या आधी कळायचं. पण ते अंगावर जायचे नाहीत. मास्तर म्हणायचे, हा माणूस फाउल करायच्या आधी सॉरी म्हणतो. समोरच्या फॉरवर्डांना ते फार आवडायचे, आणि बॅक जर फॉरवर्डांना आवडू लागला तर काहीतरी बिघडलंय असं समजावं. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची असेन. मास्तर एकदा घरी आले, चहा प्यायले आणि निघताना आईला म्हणाले, वहिनी, जरा फाटकापर्यंत या.

फाटकापाशी त्यांनी सांगितलं, "वहिनी, तुमचा नवरा फार सुखी आहे. सुखी माणसाला बॅक खेळवता येत नाही."

आईला वाटलं ते थट्टा करतायत. ती म्हणाली, "मग काय करू? विष घालू चहात?"

"विष नको. सामन्याच्या सकाळी त्याच्याशी भांडा. राग मैदानावर तयार होत नाही, वहिनी. तो घरून डब्यात भरून आणावा लागतो. इतरांच्या बायका न सांगता भरून देतात. तुम्हीच तेवढ्या कमी पडता."

"आणि नाही भांडले तर?"

मास्तरांनी धमकी दिली नाही, नुसतं जे होणार होतं ते सांगितलं. संघात आहे म्हणून त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलाय. संघातून गेला की भट्टीवर जाईल. आणि जाता जाता म्हणाले, "त्याला कळू देऊ नका हं. कळलं की औषध संपलं."

बाबांची छाती लहानपणापासून नाजूक होती. भट्टीवर काम करणारे लोक चाळिशीत कसे खोकायला लागतात ते आई रोज पाहत होती. ती तयार झाली.

"पण मला भांडताच येईना," आई म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पहिल्या रविवारी मी पडद्याच्या दांडीवरून भांडले. त्यांनी स्टूल घेतलं, हातोडी घेतली, दांडी ठोकून दिली आणि सामन्याला उशिरा पोचले. दुसऱ्या रविवारी म्हटलं, घरात साखर नाही. तर जाऊन साखर घेऊन आले. मास्तर मला रस्त्यात गाठून म्हणाले, वहिनी, हे भांडण नव्हे, ही कामांची यादी झाली. त्याला दुरुस्त करता येणार नाही असं काहीतरी काढा."

असं एकच होतं.

मी वर्षाची असताना आजी, म्हणजे बाबांची आई, आमच्याकडे आजारी होती. संघ अंतिम सामन्यासाठी परगावी गेला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी वसाहतीतून कुणीतरी त्यांच्या हॉटेलवर फोन केला. काउंटरवरच्या माणसाने बाबांना निरोप दिला, आई अत्यवस्थ आहे, निघून या. बाबा मास्तरांच्या खोलीपाशी गेले. दार वाजवायला हात उचलला. आणि परत आले. दुसऱ्या दिवशी खेळले. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे त्यांनी जगात फक्त आईला सांगितलं, एका दुपारी, भिंतीकडे तोंड करून. इतरांना सांगितलं की निरोप मिळालाच नाही.

"तेच मी काढलं," आई म्हणाली. "तिसऱ्या रविवारी."

त्या रविवारी काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण ते वसाहतीत पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. समोरच्या संघाचा एक चपळ, ठेंगणा फॉरवर्ड होता. विसाव्या मिनिटाला बाबा त्याच्यावर असे गेले की त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पंचांनी बाबांना बाहेर काढलं. मास्तरांनी मात्र बाहेर येणाऱ्या बाबांच्या पाठीवर थाप मारली म्हणे. पुढचे कितीतरी दिवस बाबा कामावरून सुटल्यावर त्या माणसाला इस्पितळात भेटायला जायचे, मला कडेवर घेऊन. त्याची बायको बाबांशी बोलायची नाही. तो मात्र हसायचा. त्याचं एक वाक्य बाबा स्वतःच सांगायचे: "अहो, इथे येता ते तुम्ही खरे, तर मैदानावर कुणाला पाठवता?"

मी पुढे या विषयावर पुष्कळ वाचलं. वाचण्याचं कारण मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पुस्तकं सांगतात की खेळातली आक्रमकता दोन जातींची असते. एकीला चेंडू हवा असतो आणि आड येणारा माणूस तिच्या हिशेबात नसतो. दुसरीला माणूसच हवा असतो. पहिली शिकवता येते, ती कसबाचा भाग आहे. दुसरी बाहेरून येते, आणि जिथून आली तिथे परत जाता येत नाही म्हणून समोर दिसेल त्याच्यावर उतरते. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यासमोर हात उचलून दारातून परत फिरलेला माणूस तो हात कुठे ना कुठे खाली आणतो. हे मला बाबांबद्दल आधी समजायला हवं होतं. पण घरातल्या माणसांना वाचलेलं लावून बघायची मला लाज वाटायची.

"आता सांग," आई म्हणाली. "त्यांना ठाऊक होतं का, की मला बोलायला लावलंय? का ते दर रविवारी असंच समजून गेले की माझ्या बायकोच्या मनात माझ्याबद्दल हेच आहे? मला वाटायचं, खेळणं सुटलं की सांगू. मग वाटलं, आता कशाला खपली काढा. मग वाटलं, म्हातारपणी सांगू, हसतील. आणि हे असे अचानक..." तिने ओट्यावरचा फडका उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "मला झोप लागत नाही गं."

मी म्हटलं, मास्तरांना विचारू या.

मास्तर मुलाकडे राहत होते, खेळाच्या सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आम्ही दुपारी गेलो. जिन्यात नव्या चामड्याचा आणि रबराचा वास होता. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. टीव्हीवर सामना चालू होता, आवाज बंद. मी त्यांना पाहिलं होतं ते शिट्टी गळ्यात असलेला धिप्पाड माणूस म्हणून. आता शर्टाच्या कॉलरमध्ये मान हरवली होती.

"या वहिनी," ते म्हणाले. "ही धाकटी अडसर का? बापासारखीच उंच झालीस की. बस. चहा मीच करतो, सून कामावर गेलीय. म्हणजे वाईट होईल, सांगून ठेवतो."

"राहू द्या, मास्तर," आई म्हणाली.

"मी आलो नाही त्याला पोचवायला. गुडघे जिने उतरू देत नाहीत." ते थांबले. "आणि तोंडही नव्हतं. त्याच्याइतकं मन लावून माझ्याकडे कुणी खेळलं नाही. आणि त्याच्याइतका मी कुणाला त्रासही दिला नाही."

आईने वेळ घालवला नाही. "मास्तर, तुम्ही मला फाटकापाशी जे सांगितलंत ते त्यांना कधी कळलं का?"

"त्याला? हो. मीच सांगितलं."

आईने खुर्चीचा हात धरला.

"कधी?" मी विचारलं.

"अगं, फार लवकर. पुढच्याच हंगामात. एका शनिवारी माझ्याकडे आला, दारात उभा. घाम फुटलेला. मी म्हटलं, आत ये, काय ते बोल, का मी अंदाज करत बसू? तर म्हणाला, मास्तर, मला रविवारी घरी राहायचंय. घरी बरं चाललेलं नाही. बायकोच्या मनातून मी उतरलोय." मास्तरांनी शाल सारखी केली. "तोवर कधी त्याने माझ्याकडे रजा मागितली नव्हती, काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मला दया आली. म्हटलं, वेड्या, ती बिचारी माझ्या सांगण्यावरून भांडते. जा घरी, खुशाल राहा."

आईच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. मला वाटलं, झालं. आज हिला झोप लागेल.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "पुढची सगळी वर्षं."

"ठाऊक होतं. मी तर धरूनच चाललो की आता गडी संपला, औषध उघडं पडलं. दुसरा बॅक शोधायला लागलो होतो. आणि हा पुढच्या रविवारी आला तो तसाच. मान लाल, कान लाल. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, अरे, आता तर तुला माहीत आहे, सगळं नाटक आहे. मग राग कसला येतो तुला?"

"काय म्हणाले?"

मास्तरांनी टीव्हीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी गवतावर पडलं होतं आणि बाकीचे भोवती जमले होते.

"म्हणाला, मास्तर, भांडायला तुम्ही सांगितलंत. वाक्य तुम्ही सांगितलेलं नाही."

खालच्या दुकानात कुणीतरी चेंडू आपटून बघत होतं. ठप्, ठप्, मग बंद. मी आईकडे पाहायचं टाळलं.

"मी त्याला विचारलं होतं, कोणतं वाक्य रे," मास्तर म्हणाले. "सांगितलं नाही. नुसता हसला. मी पुष्कळदा विचार केला, असं काय बोलत असतील वहिनी, की मला एवढ्या वर्षांत घालता आला नाही तेवढा जाळ त्या घालतात. आता तो नाही. आता विचारायला हरकत नाही. काय होतं ते, वहिनी?"

मला वाटलं, ती सांगणार नाही. उठेल, नमस्कार करेल आणि जिना उतरेल. पण तिने ते सांगितलं. रविवारच्या आवाजात नाही, पण शब्द तेच, क्रम तोच. मग कोणता सामना, कोणतं हॉटेल, आणि बाबा कोणाच्या दारापर्यंत जाऊन परत आले, तेही सांगितलं.

मास्तर टीव्हीवरून नजर काढून आईकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या?"

"तुमच्या."

"मी तर समजत होतो निरोप मिळाला नव्हता. मी त्याच्या आईच्या दिवसांना आलो होतो, वहिनी. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी सांगितलं होतं, नशीब." त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा झाला. "मी रजा दिली असती. तेव्हाच गाडीत बसवून दिला असता. अंतिम सामना गेला असता खड्ड्यात. त्याने विचारलं असतं तर मी दिली असती."

"मला ते ठाऊक होतं, मास्तर," आई म्हणाली. "त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते लागायचं."

आम्ही निघालो तेव्हा ते उठायला बघत होते. आईने त्यांना खांद्याला धरून परत बसवलं आणि घसरलेली शाल गुडघ्यांवर नीट केली.

बसथांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाक उन्हाने तापला होता. आईने पदर खाली अंथरला आणि बसली. मी काही समजुतीचं बोलायच्या बेतात होते. म्हणजे असं की, आई, त्यांना तुझा हेतू कळला होता, तू हे त्यांच्यासाठी केलंस हे त्यांना माहीत होतं. हे सगळं खरंच होतं. पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"त्या रात्री मी एकटी होते त्यांच्या आईजवळ," ती म्हणाली. "तू पाळण्यात. त्या सारख्या विचारत होत्या, आला का? मी म्हणायचे, निघालेत, वाटेत आहेत. पुन्हा थोड्या वेळाने, आला का? निघालेत, आई. पहाटेपर्यंत. आणि हे तिकडे निरोप खिशात घालून पलंगावर पडलेले."

"तुला राग आला होता."

"राग? मला वाटलं, या माणसाचं तोंड पुन्हा बघू नये. पण त्यांनी सांगितलं तेव्हा ते इतके रडत होते की मी पाठीवरून हात फिरवत बसले. रडणाऱ्या माणसाशी कसं भांडणार? मग ते राहूनच गेलं. तसं गिळून टाकलं होतं मी. मग मास्तर आले आणि म्हणाले, भांडा." तिने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. "जे मला जन्मात बोलता आलं नसतं ते दर रविवारी बोलायला मिळालं. आणि वर म्हणायला मोकळी, की नवऱ्याच्या भल्यासाठी बोलते."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण बोलणं थांबवलं नाही.

"एका रविवारी मला ताप होता. घसा पार बसलेला. म्हटलं, आज नको, आज जाऊ देत तसेच. पडून राहिले. खाली संघाची गाडी येऊन भोंगा वाजवत होती आणि हे खुर्चीवर बसलेले. उठेनात. मी पलंगावरून पाहत होते. परत भोंगा. तरी उठेनात. मग माझ्याकडे वळून पाहिलं. नुसतं पाहिलं गं. मला कळेना काय हवंय यांना. आणि मग कळलं, आणि मी ते म्हटलं. आवाज नव्हताच, ओठांनीच म्हटलं. तेव्हा उठले."

"आणि गेले?"

"आधी माझ्याजवळ आले. पांघरूण पायांवरून सरकलं होतं ते ओढून नीट खोचलं. मग गेले." तिने मोकळ्या हाताने डोळे पुसले. "तेव्हा मला वाटलं, सवयीने केलं."

बस आली. दार उघडलं, कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं. आई उठली नाही.

"पुढच्या बसने जाऊ या का गं?" ती म्हणाली.

"जाऊ या," मी म्हटलं, आणि कंडक्टरला हाताने खूण केली, की तुम्ही निघा.